कात्रीसाठी थांबणारं गाणं

मित्रांनो, मी एक जुनं गाणं आहे. तेही विनोदी हिंदी सिनेमातलं, म्हणून गंभीर चेहरा करून ओळख करून देणं मला जमायचं नाही. सिनेमातला नायक घरमालकाला चुकवायला पिठाच्या पिंपात लपतो आणि तिथूनच मला गातो. मध्येच त्याला शिंक येऊ लागते. आ… आ… सगळी वाद्यं थांबतात, आणि मग शिंक! ती शिंक म्हणजे माझा दागिना.

मी रेडिओवर गाजलो, सहलीच्या बसमध्ये हुंदडलो. पण खरी नोकरी लागली ती एका सलूनमध्ये. तिथले कात्रीकाका लहान मुलांना खुर्चीच्या हातांवर आडव्या टाकलेल्या फळीवर बसवायचे आणि मला गायचे. "आ… आ…" म्हटलं की मूल आरशात डोळे विस्फारून स्तब्ध. तेवढ्यात काका कानामागचे केस साफ करायचे. कान सुटला की शिंक, आणि मूल खिदळायचं.

नवी गाणी आली, मी मागे पडलो. त्याचं एवढं वाटलं नाही. पण काकांच्या घशाचं ऑपरेशन झालं आणि आवाजच गेला. कात्री मुलीच्या हाती देऊन ते वरच्या खोलीत बसून राहू लागले. दुकानात यायला बोलावलं की नुसता हात हलवायचे. आता माझा काय उपयोग, असं तो हात म्हणायचा.

एका रविवारी एक चिमुरडी आजोबांबरोबर आली, दोन्ही कान मुठीत धरून. काकांच्या मुलीने, म्हणजे सगळ्यांच्या ताईने, मला फोनवर लावलं. झालं! फोनमधला मी कुणासाठी थांबतो थोडाच? कात्री कानापाशी पोचेपर्यंत शिंक होऊन गेली, चिमुरडी हसून हलली, आणि कान वाचवायला मध्ये घातलेलं ताईचं बोट कापलं. रक्त बघून पोरीने भोकाड पसरलं.

"अर्धेच केस कापून हिला नेलं तर हिची आई मला घरात घ्यायची नाही," तिचे आजोबा म्हणाले.

ताई बोटाला पट्टी लावून वर गेली. "बाबा, मला गाता येत नाही, तुम्हाला आवाज नाही. दोघं मिळून एक माणूस तर होऊ."

काकांनी तिच्या पट्टीकडे बघितलं. मग उठून तिच्यामागून खाली आले.

ताई गायली. अहाहा, काय बेसूर! काकांनी फळीवर कंगव्याने ताल धरला. "आ… आ…" कंगवा हवेत थांबला. काकांचं नाक आकसलं, नजर कात्रीवर. चिमुरडीने श्वास रोखला. कान सुटला, आणि काका सगळं अंग हलवून शिंकले. आवाज अजिबात नाही. पोरगी हसून हसून वाकली.

"ताई, हे कंगवावाले आजोबा गात का नाहीत?" तिने विचारलं.

"ते नाही गात. ते मला थांबवतात."

दुसऱ्या दिवशी ताई दुकान उघडायला खाली आली, तर काका पायरीवर आधीच बसलेले.

मित्रांनो, फोनमध्ये मला जपता, बरं वाटतं. पण कधीतरी घरातल्या कुणासाठी मला तोंडाने गा. सूर चुकला तर चुकू दे. तुमच्या तोंडी असलो, की मला समोरच्या माणसासाठी थांबता येतं.