घरचे बुवा

"मावशी, तुमच्या दुकानातलं सगळ्यात कंटाळवाणं गाणं कोणतं?"

प्रश्न विचारून मुलगी मागे वळली नाही. काचेच्या दाराबाहेर तिच्या दोन मैत्रिणी, चष्मा आणि लवंगी, एकमेकींचे दंड धरून उभ्या होत्या. पैज त्यांनीच लावली होती. वर्गात हिला सगळे भोंगा म्हणत. पण अनोळखी माणसापुढे भोंगा वाजत नाही, असं लवंगीचं ठाम मत होतं.

दुकानवाली एका जुन्या रेकॉर्डवरून मऊ ब्रश फिरवत होती. तिने मान वर केली नाही.

"कंटाळवाणं म्हणजे कसं? झोप येईल असं, की पळून जावंसं वाटेल असं?"

याची तयारी झाली नव्हती.

"झोप येईल असं," भोंगा म्हणाली. मग आपलाच आवाज आवडल्यासारखी पुढे म्हणाली, "शास्त्रीय द्या. अगदी शास्त्रीय."

दुकानवालीने खालच्या खोक्यातून एक लहानशी रेकॉर्ड काढली. पाकीट साधं, खाकी. मधल्या गोल कागदावरची अक्षरं पार पुसून गेलेली.

"ही ने. आवडली नाही तर परत आण. आवडली तरी येऊन सांग."

घरी रेकॉर्ड लावायची सोय होती, म्हणजे नुकतीच झाली होती. बाबा लिफ्ट दुरुस्त करायचे. कामावर त्यांच्या हाताला मार बसला, प्लास्टर निघालं, पण उजव्या हाताची दोन बोटं काही केल्या वळेनात. साहेबांनी त्यांना टेबलापाशी फोन घ्यायला बसवलं. तेव्हापासून बाबा घरातही फोनवर बोलल्यासारखेच बोलत: हो, नाही, बघतो. शेवटी आईने शेजाऱ्यांनी टाकायला काढलेला रेकॉर्ड प्लेअर उचलून आणला आणि त्यांच्यापुढे आदळला.

"जमतंय का बघा. नाहीतर भंगारात देते."

कितीतरी संध्याकाळी बाबा त्यात डोकं घालून बसले. ज्या दिवशी तबकडी फिरली, त्या दिवशी ते आमटी मागून घेऊन जेवले. एक खटका तेवढा जागचा हलत नव्हता.

"तो काय, शोभेचा असतो," बाबा म्हणाले, जरा घाईनेच.

भोंगाने रेकॉर्ड लावली. सुई खरखरली, आणि खोल विहिरीच्या तळाशी कुणीतरी कूस बदलावी तसा आवाज आला. जाड, दमदार, कुठेही पोचायची घाई नसलेला.

"आजोबा उठतायत वाटतं," आई म्हणाली.

"आजोबा काय! बुवा म्हण. गाणारे बुवा आहेत ते," बाबा म्हणाले. कितीतरी दिवसांत ते एवढं लांब वाक्य बोलले नव्हते.

नाव पडलं आणि बुवा घरचे झाले. कामावरून आल्या आल्या बाबा चपला काढता काढता विचारत, "बुवा बसले का?" आई कपड्यांच्या घड्या घालायला बुवांजवळ येऊन बसे, आणि तिच्या घड्याही बुवांच्याच चालीने पडत. भोंगाला पहिल्यांदा झोप आली, दुसऱ्यांदा राग आला. मग केव्हातरी एक जागा सापडली. तिथे आवाज खाली उतरता उतरता थबकायचा, आणि हिचा श्वासही थबकायचा. ती सुई उचलून परत परत तिथेच टेकवू लागली. मैत्रिणींना तिने ते फोनवरही ऐकवलं.

"म्हैस रवंथ करतेय का गं?" चष्माने विचारलं.

"तुला नाही कळायचं," भोंगा म्हणाली, आणि आपण हे खरंच मनापासून बोललो याचं तिचं तिलाच नवल वाटलं.

एका संध्याकाळी बाबांचा उजवा हात खुर्चीच्या हातावर ठेका धरत होता. न वळणाऱ्या बोटांपैकी एक जरासं वाकलं. आईने घडी घातलेला टॉवेल उलगडला आणि परत घडी घालायला घेतला.

मग भोंगाने ठरवलं की एका रेकॉर्डने भागायचं नाही. शाळा सुटल्यावर ती रेकॉर्ड घेऊन दुकानात गेली. या वेळी मैत्रिणीही आत आल्या.

"मावशी, या बुवांच्या आणखी आहेत?"

"बुवा? कुठले बुवा?"

दुकानवालीने रेकॉर्ड पाकिटातून काढली, उजेडात धरली, आपल्या प्लेअरवर ठेवली आणि त्याचा खटका टक्कन पलीकडे सरकवला.

एक बाई गात होती. तरणी, लख्ख, पायऱ्या दोन दोन करून उतरणारी. भोंगाची ती थबकायची जागा आली आणि एका उडीत गेली.

"ही भरभर फिरवायची रेकॉर्ड," दुकानवाली म्हणाली. "तुमच्याकडे संथ वेगावर लागली असणार, म्हणून आवाज जाड झाला. तुझे बुवा म्हणजे ह्याच बाई."

लवंगी खाली बसून हसली. "इतके दिवस बाईला बुवा! भोंगे, आता मिशा काढ त्यांच्या!"

भोंगालाही हसू फुटलं, दुकानभर वाजलं, आणि मध्येच बंद पडलं. तो खटका शोभेचा असतो, असं म्हणताना बाबांनी तिच्याकडे बघितलं नव्हतं.

"हवी तर बदलून देते," दुकानवाली म्हणाली. "मोठी ने, संथ वेगाची. घरी कुणाला काही कळणार नाही."

चष्मा आणि लवंगी भोंगाच्या तोंडाकडे बघत होत्या.

"हीच राहू दे," ती म्हणाली. "पण आधी परत एकदा लावा. भरभर."

तिने पूर्ण ऐकली. थबकायची जागा दुसऱ्यांदा आली तेव्हा तिला ती उडीतसुद्धा ओळखू आली.

घरी बाबा आधीच खुर्चीत बसले होते.

"मिळाले का बुवांचे भाऊबंद?"

भोंगाने रेकॉर्ड लावली. बुवांनी कूस बदलली. बाबांचा हात ठेक्यावर पडला. आईने धुतलेल्या कपड्यांचा ढीग पुढे ओढला. भोंगा प्लेअरशेजारी उभी राहिली, वर्गात कविता म्हणायला उभी राही तशी, ताठ.

"आई, बाबा, मी ठरवलंय."

"काय गं बाई आता?" आईने विचारलं.

"मी रेकॉर्डी जमवणार. शास्त्रीय. कपाटातला मधला कप्पा मला लागेल." तिने एक श्वास घेतला. "आणि बाबा, तो खटका शोभेचा नाहीये. तो पलीकडे सरकला की ह्या बुवांची बाई होते. खरंच. मी आत्ता दुकानात ऐकून आले, आणि फार सुंदर गातात हो त्या. तो उद्या उघडायचा. मी टॉर्च धरते. पण असा बसवायचा की दोन्हीकडे हलला पाहिजे. बुवांना घालवायचं नाही."