मोकळं

यशोधन केळुसकरच्या घरातला फ्रीज एका सकाळी चालत बाहेर गेला. उंबऱ्यापाशी जरा थांबला, आतली कोथिंबीर आणि दह्याचं भांडं काळजीपूर्वक जमिनीवर ठेवलं आणि जिना उतरला.

यशोधनला आश्चर्य वाटलं नाही. आदल्या संध्याकाळी त्याची ऑपरेटिंग सिस्टीम पुरी झाली होती. संगणक ज्याच्या जोरावर चालतो तो सगळा डोलारा त्याने आणि देशोदेशीच्या काही हट्टी माणसांनी पहिल्या ओळीपासून उभा केला होता. कुठल्याही कंपनीचं त्यात काही नव्हतं. प्रत्येक भाग कुणीही उघडून बघावा, बदलावा, दुसऱ्याला द्यावा. नावावरून बराच खल झाला होता. 'मुक्त' म्हटलं की विद्यापीठ आठवतं आणि 'फुकट' म्हटलं की लोक नाक मुरडतात, म्हणून यशोधनने 'मोकळं' हे नाव ठेवलं आणि त्यावर तो बेहद्द खूश होता. नियम एकच, आत बंद असं काहीही चालणार नाही. वायफायला कंपनीच्या सॉफ्टवेअरचा एक कुलूपबंद तुकडा लागतो, म्हणून घरात वायफायही नव्हतं. बैठकीतून स्वयंपाकघरापर्यंत एक निळी वायर गेलेली होती. तिच्यात पाय अडकला की त्याची बायको हेमांगी 'मोकळं'च्या नावाने खडे फोडायची.

आता सिस्टीमने घरही आपलंच धरलं होतं आणि तोच नियम लावला होता, एवढंच.

फ्रीजच्या मागोमाग मिक्सर निघाला.

"तुझ्या आत काय आहे?" यशोधनने विचारलं.

"कंपनीला विचारा," मिक्सर म्हणाला आणि गेला.

मग टीव्ही गेला, गीझर गेला. पोळपाट राहिला, अडकित्ता राहिला. चाळणीकडे तर लपवण्यासारखं काही नव्हतंच. "बरं झालं, पसारा कमी झाला," असं म्हणून हेमांगी कढीपत्ता आणायला खाली उतरली.

परत आल्यावर तिला आत येता येईना. ती पाऊल उचलून उंबऱ्याच्या आत टाकायची आणि ते बाहेरच्या पायपुसण्यावर पडायचं. चौकटीवर पांढरी अक्षरं उमटली होती. 'हेमांगी: आत काहीतरी बंद आहे.'

"माझ्या?" तिने विचारलं.

"मन मोकळं कर," यशोधन म्हणाला. "मग घेईल आत."

हातात कढीपत्ता धरून हेमांगी सांगत गेली. लग्नातला शालू तिला कधीच आवडला नव्हता. सासूबाईंची सोलकढी ती गुपचूप मोरीत ओतायची. एकदा माहेरी जाते म्हणून निघाली आणि वेंगुर्ल्याच्या बंदरावर दिवसभर एकटीच बसून परत आली. एकेका गोष्टीसरशी अक्षरं फिकी होत होती, पण पुसली जात नव्हती.

"अजून काही आहे?"

"एक आहे. ते नाही सांगणार."

"मलाही?"

"तुम्हाला तर नाहीच."

यशोधनने संगणकावर अपवादाची एक ओळ लिहिली असती तरी भागलं असतं. 'हेमांगी, आहे तशी.' पण असल्याच एका ओळीवरून तो पोर्तुगालच्या एका माणसाशी महिनोन्‌महिने भांडला होता. एकाला आत घेतलं की सगळे येतात, असं त्यानेच ठणकावून लिहिलं होतं. बायको दारात उभी असताना आपण हा विचार करतोय याची त्याला लाज वाटली. तरी तो विचार करतच राहिला.

"सांगून टाक ना," तो म्हणाला. "मी काही म्हणणार नाही."

"ठाऊक आहे. इतकी वर्षं तरी कुठे काही म्हणालात?"

समोरच्या सामंतकाकूंनी दार किलकिलं केलं. "ये गं हेमांगी. आमच्याकडे सगळं बंदच असतं."

हेमांगी आत गेली. कडी लागल्याचा आवाज आला.

मग घर मोकळं व्हायला लागलं. नाव ठेवताना या शब्दाचा हाही अर्थ आहे, हे यशोधनच्या लक्षात आलं नव्हतं. भिंती एकमेकींपासून लांब सरकल्या. निळी वायर ताणली गेली, पण तुटली नाही. पाणी प्यायला तो स्वयंपाकघराकडे निघाला आणि पोचेपर्यंत जेवायची वेळ टळून गेली. तिथे एकच ताट होतं. ते बघून त्याला रडू आलं. तो धावत संगणकापाशी परतला आणि ती ओळ त्याने लिहून टाकली.

'परवानगी देणारा मोकळा असावा,' उत्तर आलं.

यशोधन मोठ्याने बोलायला लागला. बाराखडीसुद्धा त्याला उशिरा आली होती. धाकट्या भावाच्या नोकरीचा त्याने हेवा केला होता. हेमांगी बोलायची तेव्हा पुष्कळदा तो नुसता हुंकार भरायचा. बोलून संपलं तरी बरगडीखाली काहीतरी खुळखुळत होतं. खिशात घालावा तसा हात घालून त्याने ते बाहेर काढलं. सुपारीएवढं होतं, गुळगुळीत, कुठे सांधा नाही. त्याने अडकित्ता आणला. अडकित्त्याचं पातं वाकलं. आत काय आहे ते त्याला चांगलं माहीत होतं. हेमांगीला सांगायचं एकच वाक्य होतं ते, आणि ते जिभेवर येईना.

त्याने सुपारी परत जागेवर ठेवली. पायाखालची फरशी हळूच सरकली आणि दुसऱ्या क्षणी तो बाहेर पायपुसण्यावर उभा होता. चौकटीवर आता त्याचं नाव होतं.

घराचं दार सताड उघडं होतं. खिडक्याही उघड्या होत्या, ऊन थेट आतपर्यंत आलं होतं, आणि पार लांब, संगणकाच्या पडद्यावर लिहिलेलं होतं, 'सर्व मोकळं आहे.'

यशोधन सामंतकाकूंच्या बंद दारासमोर जाऊन उभा राहिला. आतून कढीपत्त्याच्या फोडणीचा वास येत होता. त्याचे दोन्ही हात खाली होते. बरगडीवर सुपारी आपटत होती. टक, टक.

"कोण आहे?" आतून हेमांगीने विचारलं.

त्याने तोंड उघडलं.

टक, टक.

"कोण आहे?"