गोमटेशचे नियम

अभिनंदन हे कुणाला सांगणारच नव्हता. मोबाईलवर दोनदा टाईप केलं, दोनदा पुसलं. मित्राच्या घरातली गोष्ट, आपण कशाला चव्हाट्यावर आणायची? पण आजचं बघून राहवेना.

वडील गेल्यापास्नं गोमटेश आतल्या आत मिटत चालला होता. बेळगावच्या डॉक्टरनं गोळ्या दिल्या, वर सांगितलं, खोलीत बसू नको, माणसांत जा, नाच शिक. अभिनंदननंच मग त्याला निपाणीत तंबाखूच्या वखारीवरच्या हॉलात ओढून नेलं. तिथं क्षमा जोडीनं नाचायला शिकवायची. दिवस मावळायच्या आत जेवणारी जैन पोरं जास्त, म्हणून क्लास दुपारीच. पोरी कमी, म्हणून ह्या दोघांचीच जोडी.

"तू पोरगी हो रं," गोमटेश म्हणायचा. "मिशी काढलीस की शोभशील."

सुरवातीला तो हसायचा, घामाघूम व्हायचा. घरी जाऊन पोटभर जेवायचा.

मग नियम सुरू झाले, एकेक गोष्ट सोडायचे. आधी मीठ सोडलं. मग दूध. मग गादी. त्याची आई, राजमती आक्का, गल्लीभर सांगायची, "लेकाला वैराग्य आलंय माझ्या." बायका कौतुकानं बघायला यायच्या. अभिनंदनलाही बरंच वाटलं. सोडणाऱ्याला त्यांच्यात कोण अडवतंय?

पण नाचताना गोमटेशचा हात त्याच्या हातात असायचा. गार पडत चाललेला. वळवला की वळायचा, थांबवला की थांबायचा. आपणहून पाऊल टाकीना.

"अभी," क्षमा हळूच म्हणाली, "ह्याच्यात जीवच दिसंना मला."

आज गाणं चालू असतानाच गोमटेशनं वडलांचं घड्याळ काढलं आणि अभिनंदनच्या मनगटावर बांधलं.

"हे कशाला रं?"

"घड्याळ सोडलं."

"आणि गोळ्या?"

"त्या कवाच सोडल्या." तो शांत हसला. "आता एकच राहिलंय."

खाली वखारीत तंबाखूचं बोद, भलंमोठं गाठोडं, धप्पकन पडलं. फरशी हादरली. अभिनंदन नाचता नाचता थांबला.

"गोमट्या, जीव द्यायचं मनात हाय?"

गोमटेशनं मान खाली घातली.

"मुनी महाराजांफुडं घेतलेस हे नियम?"

"न्हाय. मनातच."

"मग हे नियम न्हाईत रं. आजार हाय." अभिनंदननं त्याचा हात घट्ट धरला. "ऐक. आक्काला मी सांगणार, आत्ताच. रागावली तर रागावू दे. मग तिघं मिळून बेळगावला, डॉक्टरकडं. घड्याळ तू बरा झालास की परत. तोवर तुला एकटा सोडत न्हाय. शब्द हाय माझा."