मला पुन्हा अंधुक करा

बोलतोय तो मी, मंचरच्या बाजारपेठेतल्या एका भांड्यांच्या दुकानातला कॉम्प्युटरचा मॉनिटर. हल्ली मी अगदी लख्ख दिसतो. येणारी-जाणारी गिऱ्हाइकं तसं बोलून दाखवतात आणि ते कौतुक मला नकोसं झालंय.

माझ्या जन्माबद्दल सांगण्यासारखं फारसं नाही. कारखान्यातल्या पट्ट्यावरून सरकलो, खोक्यात गेलो, आणि खोकं उघडलं तेव्हा समोर हंड्या-पराती रचलेल्या होत्या. त्यांच्यापुढे सज्जनबाई बसल्या होत्या.

सज्जनबाई या दुकानाच्या मालकीण. नवरा पारसमल वारल्यावर गल्ल्यावर त्याच बसू लागल्या. पण लोक त्यांना ओळखायचे ते त्यांच्या अक्षरावरून. आपल्याकडे आहेराचं भांडं नावाशिवाय कोणी देत नाही. नाव घालायचं ते घुर्रघुर्र करणारं छोटं मशीन पेनासारखं हातात धरून बाई स्टीलवर असं वळणदार अक्षर काढायच्या, की निरगुडसरपासून तळेघरपर्यंतच्या बायका दुसरीकडे भांडं घेऊनही नाव घालायला इथे यायच्या.

मग बाईंचे डोळे अधू झाले. डॉक्टर म्हणाले, डोळ्याच्या आतला भाग झिजलाय, चष्म्यानं भागायचं नाही. ही गोष्ट त्यांना आणि त्यांच्या लेकीला, डिंपलला, एवढीच ठाऊक होती. मुलाला, अंकितला, मुद्दाम सांगितली नव्हती. तो तसाही ऊठसूट म्हणायचा, मम्मी, आता घरी आराम कर. त्या आरामाची बाईंना धास्ती होती. घरी चार भिंती होत्या आणि दुकानात सगळा तालुका येत होता.

अंकितनं लेझरनं नाव कोरणारं मशीन आणलं, त्याच्याबरोबर मी आलो. ऑर्डरींची नावं माझ्यावर एकाखाली एक दिसत. हव्या त्या नावावर माउस टेकवला की मशीन ते भांड्यावर कोरून देई. बाईंना ती नावं काही केल्या वाचता येईनात. तेव्हा डिंपलनं एका दुपारी सेटिंगमध्ये शिरून माझ्या चित्राचे ठिपके कमी केले, आणि अक्षरं चांगली ठळक, मोठी झाली.

आता माझी व्यथा ऐका. माझ्या काचेमागे लाखो ठिपके आहेत आणि प्रत्येकाला आपापलं काम असतं. कमी ठिपक्यांचं चित्र दिलं, की एकाचाच रंग शेजाऱ्यापाजाऱ्यांत वाटून घ्यावा लागतो. मग रेघ पायऱ्यापायऱ्यांची दिसते, कडा विस्कटतात. मला त्याची फार लाज वाटायची. पण बाई पुन्हा रुबाबात बसू लागल्या होत्या आणि नाव विचारून घेताना हसत होत्या, म्हणून मी गप्प राहिलो.

पुढे डिंपलचं लग्न झालं, ती नाशिकला गेली. इकडे अंकित गिऱ्हाइकांना माझ्यावर नक्षीचे नमुने दाखवू लागला. मोराचा पिसारा नुसता चौकोनी चौकोनी दिसायचा. पेठ गावाहून आलेल्या एका नवऱ्या मुलीनं तर विचारलं, हा मोर आहे की कोंबडा? अंकितला ते लागलं. त्यानं ओल्या फडक्यानं माझी काच पुसली, वायर काढून फुंकली, नवी वायर लावली, शेवटी माझ्या पाठीत दोन थापट्या दिल्या. न चालणाऱ्या वस्तूला थापट मारायची माणसाला भारी हौस. मोर काही सुधारला नाही. मग त्यानं जुन्नरहून मोईजला बोलावलं. कॉम्प्युटर दुरुस्तीची त्याची चार गावांत कामं, त्यामुळे तो आला तोच घाईत.

त्यानं दोन-चार ठिकाणी माउस टेकवला आणि म्हणाला, "भाऊ, मॉनिटर लई चांगलाय. सेटिंग कमी करून ठेवलंय कुणीतरी. मुद्दाम ठेवलंय का?"

"मुद्दाम कोण ठेवंल? चुकून झालं आसल," अंकित म्हणाला.

सज्जनबाई हातात परात घेऊन शेजारीच उभ्या होत्या. मी त्यांच्याकडे बघत होतो. त्यांनी परात फळीवर ठेवली आणि दुसरी उचलली.

मोईजनं बटण दाबलं. खोटं कशाला बोलू, त्या क्षणी मला आनंद झाला. मोराच्या पिसातला डोळासुद्धा दिसत होता. अंकित तर मोईजला चहा पाजायला घेऊन गेला.

दुसऱ्या दिवशी बाई माझ्यासमोर बसल्या. नावं मुंग्यांएवढी झाली होती. त्या अंदाजानं काम करू लागल्या, वरून कितवी ऑर्डर कुणाची ते ध्यानात ठेवून. अक्षरं मोठी आणि चित्रही लख्ख, असं दोन्ही करता येतं. ती सोय त्याच सेटिंगमध्ये शेजारच्या ओळीत असते. पण त्यासाठी समोर बसणाऱ्याला दिसत नाही, हे आधी कळावं लागतं.

लग्नसराई आली. निरगुडसरच्या प्रयागबाईंनी मुलीच्या रुखवतासाठी भांडी घेतली. त्यांच्याच वरच्या ओळीत एका घरच्या वर्षश्राद्धाला वाटायच्या भांड्यांची ऑर्डर होती. बाईंचा माउस एक ओळ वर टेकला. भांडी बांधून गेली.

मांडवात रुखवत मांडताना ते उघडकीला आलं. प्रयागबाई दुकानात आल्या आणि त्यांनी कळशी माझ्यापुढेच ठेवली. तिच्यावर सुंदर अक्षरात कोरलं होतं, 'कै. सावळेराम यांच्या स्मरणार्थ'.

त्या ओरडल्या नाहीत. म्हणाल्या, "सज्जनबाई, माज्या लग्नातल्या हंड्यावर बी तुमीच नाव घातलं व्हतं. आन् माज्या पोरीच्या कळशीवर मेलेल्या मानसाचं घातलं."

अंकितनं हात जोडले, सगळी भांडी बदलून दिली. मग भरल्या दुकानात आईकडे वळून म्हणाला, "मम्मी, तुला कवाचं सांगतोय, घरी बस. वय झालं की व्हतं आसं."

अक्षरं दिसत नाहीत म्हणून सांगितलं असतं, तरी घरीच बसावं लागणार होतं. बाईंनी कमरेची गल्ल्याची चावी काढून माझ्यासमोर ठेवली आणि चप्पल शोधू लागल्या.

दिवाळीला डिंपल माहेरी आली. माझ्यासमोर बसून म्हणाली, आता कसं क्लिअर दिसतंय, आधी काय घाण व्हतं. आपणच काय केलं होतं, याची तिला आठवणसुद्धा नव्हती. तिच्या लेखी ते दोन मिनिटांचं काम होतं. बाई नुसत्या हसल्या. मला त्या मुलीचा फार राग आला, अजून आहे.

आता बाई दुपारी अंकितचा डबा घेऊन येतात. तो आत जेवतो, तोवर गिऱ्हाइकांच्या स्टुलावर टेकतात. काल तळेघरहून एक बाई एसटीनं तांब्या घेऊन आली होती. म्हणाली, "मावशी, नाव तुमीच घाला. माज्या आईच्या हंड्यावर हाय तसं."

सज्जनबाई उठल्या. माझ्या इतक्या जवळ आल्या, की त्यांचा श्वास माझ्या काचेवर उमटला. थोडा वेळ त्या तशाच वाकून राहिल्या. मग सरळ होत म्हणाल्या, "अंकितला जेवू दे, बाई. मला ह्यातलं काय कळत न्हाई."

कुठे एखादा पडदा अंधुक दिसला, तर त्याला पुसण्याआधी, थापट मारण्याआधी एवढं विचारा, त्याच्यासमोर कोण बसतं. आणि मंचरला कधी आलात, तर तेवढं माझं सेटिंग होतं तसं करून जा. मोराचा कोंबडा दिसला तरी चालेल.