अकरा नंबरच्या घरातली देवळी

राजवर्धनसाहेबांच्या पत्राला मी सात महिने उत्तर दिलं नाही.

हे साहेब पुण्याचे पुरातत्त्वज्ञ. चौऱ्याण्णव साली बावड्याजवळची नीरेकाठची पांढर, म्हणजे तीन हजार वर्षं जुन्या वस्तीच्या मातीचं टेकाड, खणायला आले. तिथल्या काही घरांत मातीच्या देवी सापडल्या, काहींत नाही. बिनदेवीच्या घरांत कोण राहत असेल, हे ठरवण्यासाठी त्यांनी आजच्या गावातल्या घरांची मोजदाद सुरू केली. मेलेल्यांना विचारता येत नाही, हे ठीक. पण जिवंत माणसांनाही त्यांनी काही विचारलं नाही.

आमच्या घरी त्यांनी भिंतीतल्या देवळीला टेप लावला. तीत माझी पुस्तकं होती. ती उचलून जमिनीवर ठेवली आणि वहीत लिहिलं, ‘रिकामी’. भिंतीवर बुद्धाची तसबीर होती. तिच्यासाठी लिहिलं, ‘कॅलेंडर’.

“ती तसबीर...” मी म्हणालो.

“कागद मातीत टिकत नाही हो, गुरुजी. आम्ही टिकणाऱ्या वस्तूच धरतो.”

मी तीस वर्षं इंदापुरात इतिहास शिकवला. तरी पुढे फक्त ‘चहात साखर किती’ एवढंच विचारलं.

मग पत्र आलं. ‘घर क्रमांक अकरा. देवांच्या मूर्ती, टाक नाहीत. घेण्याची ऐपत नसावी. पांढरीतली बिनदेवीची घरेही अशाच खालच्या थरातील असावीत. चूक असल्यास कळवावे.’

उत्तर लिहायला बसलो की वाटायचं, एवढा शिकलेला माणूस, माझंच चुकत असेल. शेवटी त्यांचं कार्ड आलं: अहवाल छपाईला जातो आहे, पंधरवड्यात उत्तर न आल्यास आपली संमती समजू.

थोरल्या बहिणीला, रंगुबाईला, मी ते सगळं वाचून दाखवलं.

“ऐपत न्हवती? चांदीचं दोन टाक व्हतं आपल्यात. छप्पन साली आईनं पदरात बांधून नेलं आन् नीरंत सोडलं. सोनाराला इकू म्हणलं, तर म्हणली, इकलं तर दुसऱ्या कुनाच्या घरात जाऊन बसत्याल.”

“मला हे माहीत आहे, अक्का.”

“मंग त्याला का न्हाय सांगितलंस?”

“ते फार विद्वान आहेत.”

“आन् तू काय ढोरं राखलीस व्हय रं? लिव. म्हणावं, नदीत उतर आन् हुडक.”

मी लिहिलं: ‘घर क्रमांक अकरामध्ये चांदीचे दोन टाक होते. बौद्ध धम्म स्वीकारल्यावर माझी आई सरुबाई हिने ते नीरेत सोडले. तिला ते नको होते. नको म्हणणाऱ्या माणसासाठी तुमच्या तक्त्यात रकाना नाही. तीन हजार वर्षांपूर्वीच्या घरांतही असे कोणी असेल, तर तुम्हाला ते कळायचे नाही. कृपया ‘ऐपत नसावी’ ही ओळ काढावी.’

‘कृपया’ खोडलं. खाडाखोड वाईट दिसत होती, पण पुन्हा लिहायला बसलो असतो तर धीर सुटला असता. तसंच बावड्याच्या पोस्टात जाऊन पेटीत टाकलं.