सातव्या मजल्यावर थांबते ती

मी वारज्यातल्या एका सोसायटीची लिफ्ट बोलतेय. आत आलात ना? मग बटण एकदाच दाबा. पाच वेळा दाबल्याने मी लवकर पोचत नाही, हे अकरा वर्षांत इथे कुणालाच पटलेलं नाही.

माझ्यात आरसा आहे, पंखा आहे आणि तळाशी वजन कळायची सोय आहे. माणसं आरशासमोर पोट आत घेतात. मला खरा आकडा कळतो. सातव्या मजल्यावर एकट्या राहणाऱ्या चंद्रभागाबाई बेचाळीस किलोंच्या. डाव्या कोपऱ्यात दांडीला धरून उभ्या राहायच्या.

गेल्या उन्हाळ्यात एका दुपारी त्यांनी मला तीनदा बोलावलं. मी तळमजल्यावर अडकले होते. सहाव्यावर राहणारे चेअरमन श्यामसुंदर नवं कपाट आणत होते, म्हणून त्यांनी दारात स्टूल घातलं होतं. बाईंच्या छातीत दुखत होतं. त्या जिन्याने निघाल्या, पाचव्या मजल्यावर बसल्या आणि तिथेच गेल्या. कपाट मात्र न ओरखडता पोचलं. मला त्याची अजून लाज वाटते.

मग सोसायटीत ठरलं की रिकामी लिफ्ट तळाशी न ठेवता सोयीच्या मजल्यावर थांबवायची. कोणत्या, ते शोधायचं काम अस्मिताकडे आलं. ती कॉलेजात संख्याशास्त्र शिकवते. एका दुपारी दोन तास ती वही घेऊन माझ्या दारासमोर बसली. ज्या मजल्यांवरून मला बोलावणं आलं, ते तिने चढत्या क्रमाने लावले: एक, एक, दोन, दोन, तीन, सहा, सात, सात, सात.

संध्याकाळी तिथेच मीटिंग भरली.

"बेरीज छत्तीस, भागिले नऊ. मध्य आला चार," अस्मिता म्हणाली. "पण चौथ्यावरून कुणी बोलावलंच नाही. मध्यक तीन. चार आकडे त्याच्या अलीकडे, चार पलीकडे. तिथे थांबली तर एकूण धाव सगळ्यात कमी. मी मध्यक घेईन."

"आणि सात तीनदा आलाय, त्याचं काय?" तिसऱ्यावरच्या दीक्षाने विचारलं.

"तो बहुलक. पण तो धरू नका. सातव्यावरची दोन्ही घरं बंद आहेत, कुणीतरी चेष्टा करतंय. तिन्ही वेळा लिफ्ट रिकामीच खाली आली."

मी रिकामी नव्हते. तिन्ही खेपांना माझ्यात बेचाळीस किलो होते.

श्यामसुंदर एरवी कुणाला वाक्य पुरं करू देत नाहीत. त्या दिवशी त्यांनी अस्मिताला पुरं बोलू दिलं.

"किती वाजता?" त्यांनी विचारलं.

"तीन दहापासून. लागोपाठ."

त्यांचं कपाट आलं ती हीच वेळ. त्यांनी वही मिटली. "सातव्यावर थांबवा."

"काका, गणित तसं सांगत नाही."

"गणित बरोबर आहे तुझं. लिफ्ट सातव्यावर थांबवा."

"बरोबर आहे. तुमच्या सहाव्याला जवळ पडेल," दीक्षा म्हणाली. ते जिन्याकडे वळले.

तेव्हापासून मी सातव्यावर थांबते. तिथून आता बोलावणं येत नाही, कारण ते बेचाळीस किलो माझ्यातून उतरतच नाहीत. श्यामसुंदर जिन्याने जातात. पाचव्या मजल्यावर चपला हातात घेतात.

माझ्यावर सहा जणांची पाटी आहे. सहा चढलात आणि घंटा वाजली, तर मेकॅनिकला बोलावू नका. तुमच्यातल्या एकाने उतरा. आणि डावा कोपरा मोकळा दिसला तरी तिथे उभे राहू नका. मी त्यांना एकदा ताटकळत ठेवलंय.