सगळ्यांबरोबर हो म्हण

मी जननीची चाकांची बॅग बोलतेय. हसू नका. कुंभकोणमच्या शाळेत पहिल्या दिवशी मला पाहून अख्खा वर्ग हसला होता, तेवढं पुरे झालं.

माझा जन्म कुठल्या कारखान्यात झाला ते आठवत नाही. आठवतं ते नेदरलँड्समधलं दुकान. तिथे जननीने माझी दांडी ओढून पाहिली आणि म्हणाली, "हीच!" तिथल्या शाळेत एखादी गोष्ट कळली नाही की ती हात वर करायची आणि बाई खुर्ची ओढून शेजारी बसायच्या. मुलंच थोडी होती, बाईंना सवड असायची.

मग तिच्या अप्पांची, जानकीरामांची, तिथली नोकरी संपली आणि आम्ही कुंभकोणममधल्या मेलकावेरीत गोमती आजीकडे राहायला आलो. घरात तंजावरी मराठी, दाराबाहेर तमिळ. अप्पांना गाव जुनं, पण परदेशात जन्मलेल्या जननीला देशच नवा. तिला सहावीत घातलं.

शाळेचं पटांगण वाळूचं. माझी चाकं रुतून बसली. सौंदर्या नावाच्या मुलीने मला मागून उचललं आणि तमिळमध्ये विचारलं, "हत्तीचं पिल्लू आणलंस काय गं?" तेवढ्यावरच दोघींची मैत्री झाली.

गणिताच्या पंकजा मिसनी एका दमात अपूर्णांक शिकवले आणि विचारलं, "पुरिंजुदा?" म्हणजे, समजलं का? सगळ्या वर्गाने एका सुरात उत्तर दिलं, "पुरिंजुदु मिस!" फक्त जननीचा हात वर. "मला नाही समजलं."

मिसनी पुन्हा सांगितलं, पुन्हा विचारलं. पुन्हा तोच सूर आणि तोच एक हात. तिसऱ्या वेळी मिसचा पारा चढला. "उद्या अप्पांना घेऊन ये."

मिस वाईट नव्हत्या हो. घसा बसला होता, अभ्यासक्रम उरकायचा होता. त्या जे विचारायच्या तो प्रश्न नव्हताच मुळी. धडा संपला, पुढे चला, एवढाच त्याचा अर्थ. सगळ्या वर्गाला तो ठाऊक होता. नव्या पोरीला कोण सांगणार?

अप्पा गेले, मिसपुढे हात जोडून आले. याच गावात शिकलेला माणूस, इथली शाळा कशी चालते ते आपल्याला तोंडपाठ आहे असं त्यांना वाटायचं. वाटेत जननीला लाडाने म्हणाले, "कन्ना, सगळ्यांबरोबर हो म्हण. मग घरीं येऊन मला विचार. मी असेंच शिकलों. माझा दादा संध्याकाळीं सगळें समजावून सांगायचा."

पण दादाची संध्याकाळ मोकळी होती. अप्पांची नवी नोकरी परदेशी कंपनीची, घरूनच करायची, दुपारनंतर सुरू होऊन रात्रीपर्यंत चालणारी. जननी पुस्तक घेऊन दाराशी उभी राहायची. कानाला हेडफोन लावलेले अप्पा हातानेच 'थांब' म्हणायचे. ती थांबायची. पुढे पुढे तिने दाराशी येणंच सोडलं. मला फार राग यायचा, पण बॅगेच्या रागाला कोण भीक घालतो?

वर्गात ती हो म्हणू लागली. आधी ओठांतल्या ओठांत, मग मोठ्याने. बाकाखालून मी त्या गलक्यात तिचा आवाज ओळखायचे. नंतर नंतर तो वेगळा ओळखू येईना.

तिमाही परीक्षेत ती गणितात नापास झाली.

"समजत नव्हतें तर सांगायचें ना!" अप्पा ओरडले.

आजी केळफूल निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "कोणास सांगेल रे ती? तिचें तोंड तूंच बंद केलेंस."

अप्पांचा चेहरा पडला. त्यांनी हेडफोन काढून ठेवले, जननीला जवळ घेतलं. ताटातला डोसा मोडून चार भाग केले, एक बाजूला ठेवला, उरलेले मोजायला लावले. किती मायेने सांगत होते! शेवटी त्यांनी विचारलं, "समजलें का, कन्ना?"

जननी ताठ झाली. समोरच्या भिंतीकडे बघत, त्याच सुरात म्हणाली, "पुरिंजुदु मिस!"

अप्पांच्या हातातला तुकडा हातातच राहिला.

आता माझं एक चाक निखळलंय. जननी पाठीवरचं दप्तर नेते आणि मी आजीबरोबर बाजाराला जाते. अप्पा रोज थोडा वेळ तिच्याजवळ बसतात. 'समजलं का' हे विचारणं त्यांनी सोडलंय. "तूं मला शिकव," म्हणतात आणि वाट बघतात. ती पेन्सिल फिरवत राहते. तुम्हीही कुणा मुलाला काही विचाराल तेव्हा 'हो' ऐकून लगेच उठू नका, एवढंच माझं मागणं.

जननीचा हात अजून वर आलेला नाही. ज्या दिवशी येईल, त्या दिवशी मला हाक मारा. कांदे-बटाट्यांखाली दबलेली असले, तरी मी ऐकेन.